दापोली ट्रिप – शनिवारी पहाटे निघायचंय, वाचा सगळ्यांनी

मंडळी, शनिवारी पहाटे ५ ला चांदणी चौक, ५ म्हणजे ५, पुणेरी सव्वापाच नाही. ताम्हिणीतनं माणगाव, मग आंबेत-मंडणगड करून दापोली. घाट लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्या आणि पुढची सीट पकडा.

आधी आंजर्ले, कड्यावरचा गणपती, तिथनं खाली समुद्र आणि सुवर्णदुर्ग असा काय दिसतो ना, फोटोत येतच नाही. मग हर्णैहून बोटीनं किल्ल्यावर, २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांतला हा एक, पण बोट वारा आणि भरती-ओहोटी बघूनच सोडतात त्यामुळे नाही म्हणाले तर वाद नको. आत पायऱ्या चढायच्यात, चपला नकोत, ग्रिपवाले शूज घाला. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव, शाकाहारींनी नाकाला रुमाल लावून का होईना पण बघाच.

रविवारी सकाळी मुरुड-कर्द्याला डॉल्फिन, दिसतीलच असं नाही. पॅरासेलिंग ज्याचं त्यानं ठरवा, लाइफ जॅकेटशिवाय कुणीही पाण्यात नाही. आणि गाडी वाळूत घालायची नाही, भरती आली की ट्रॅक्टर शोधत बसावं लागतं.

टोपी, टॉवेल, जादा कपडे, थोडी कॅश घ्या. नावं गुरुवारपर्यंत टाका, रूम बुक करायच्यात.