हाताला अजून गार लागली

आमच्या इमारतीत सर्वांची पार्सले सांभाळणाऱ्या चौघांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी आपण आमच्यासाठी जे केले, त्याबद्दल मी आपल्यापैकी प्रत्येकाला जिन्यात गाठून आभार मानले आहेत. तळमजल्यावरच्या ताईंनी तर "अहो काका, त्यात काय एवढे!" म्हणून मला पुढे बोलूच दिले नाही. परंतु त्यात एवढे काय होते, हे इमारतीतल्या बाकीच्यांनाही कळावे असे मला वाटते, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

माझ्या पत्नीला चौदा वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेली सहा वर्षे ती इन्सुलिन घेते. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. ते तापले तर त्याचा गुण जातो आणि गोठले तरी टाकूनच द्यावे लागते. त्यातून बिघडलेले इन्सुलिन पुष्कळदा चांगल्यासारखेच नितळ दिसते, त्यामुळे नुसते पाहून काही कळत नाही. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही दोन दिवस मुलीकडे नाशिकला गेलो असताना आम्ही मागवलेले इन्सुलिनचे एक खोके ठरल्या दिवसाच्या आधीच आले आणि आणणाऱ्याने ते वीजमीटरच्या पेटीवर ठेवून दिले. पुण्यातले एप्रिलचे ऊन तिथे दुपारभर असते. मला 'पोहोचले' असा संदेश आला आणि सोबत मीटरच्या पेटीचा फोटोही आला, म्हणजे पुरावा अगदी पक्का. परत आल्यावर आम्ही खोके वर नेऊन फ्रीजमध्ये ठेवले, आणि त्यातले पेन, म्हणजे इन्सुलिन टोचून घ्यायचे पेनासारखे साधन, वापरायला घेतल्यापासून चार दिवस तिची साखर 300 च्या खाली येईना. रात्री पाच-पाच वेळा ती पाणी प्यायला उठत असे. तिने चोरून काही गोड खाल्ले असणार, असा संशय मला आला आणि तो मी बोलूनही दाखवला. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी नवे पेन घ्यायला लावले तेव्हा उलगडा झाला. ती त्याबद्दल मला आजवर एका शब्दाने बोललेली नाही, आणि म्हणूनच ते अधिक लागते.

तक्रार केली तेव्हा कंपनीचे उत्तर आले की माल दिलेल्या पत्त्यावर पोहोचलेला आहे. व्यवस्थापन समितीने प्रवेशद्वारावरच्या फलकाकडे बोट दाखवले. आमची इमारत सहकारी सोसायटी नसून 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली आहे. जिना, गच्ची, वाहनतळ, इतकेच काय ती मीटरची पेटी जिथे आहे ती भिंतसुद्धा, या सर्वांत प्रत्येक सदनिकाधारकाचा अविभक्त हिस्सा आहे. जागा सगळ्यांची, पण तिथे ठेवलेले खोके मात्र कोणाचेच नाही, असा तो न्याय होता. 'पार्सलची जबाबदारी व्यवस्थापनावर नाही' हा फलक वार्षिक सभेत एकमताने संमत झाला होता. एकमताने म्हणजे त्यात माझाही हात वर होता. तेव्हा मी बाहेरून काही मागवत नव्हतो, दुकानातून आणत होतो; नसते लचांड सुरक्षारक्षकाच्या गळ्यात कशाला, असे मला मनापासून वाटले होते. हे इथे कबूल केल्याशिवाय आपले आभार मानण्याचा मला अधिकार नाही.

दिवाळीच्या सुमारास जिन्याखाली खोक्यांचा ढीग साचू लागला आणि आपण चौघांनी, कोणी सांगितले नसताना, तिथे एक टेबल आणि कोणाच्या तरी घरातली जुनी मांडणी आणून ठेवली. आपली नोंदवही, आपल्या पाळ्या, कोणाचे खोके कोणाकडे द्यायचे याचे नियम हे सर्व इथे सर्वांना माहीत आहे, त्याबद्दल लिहीत नाही.

गुरुवारी मी पत्नीला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो. पडद्याच्या तपासणीसाठी डोळ्यांत थेंब घातले की चार-पाच तास जातात. माझा फोन मुका करून ठेवलेला होता. बाहेर पडल्यावर पाहतो तर सहा हुकलेले फोन, आणि खोके दुपारीच येऊन गेले होते. रिक्षात मी तिला काही सांगितले नाही. तिला समोरचे नीट दिसत नव्हते, त्यामुळे माझा चेहराही तिला दिसला नसावा.

घरी पोहोचतो तोच बारावीतला तो मुलगा जिना चढत वर आला. त्याच्या हातात झाकण लावलेला स्टीलचा डबा होता आणि डब्यात इन्सुलिनचे पेन होते. झाकणावर चिकटवलेला कागद मी जपून ठेवला आहे. त्यावर ताईंच्या अक्षरात लिहिले आहे: "1 वाजून 20 मिनिटांनी आले. लगेच आमच्या फ्रीजमध्ये ठेवले, मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. आतली बर्फाची पिशवी हाताला अजून गार लागली."

या शेवटच्या वाक्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. खोक्यावर 'थंड ठेवा' असे छापलेले असते, ते वाचून कोणीही फ्रीजमध्ये ठेवील, आणि तेही उपकारच. पण ताईंनी खोके उघडून पिशवीवर हात ठेवून पाहिला, कारण वाटेत ते तापले असेल तर पुढे फ्रीजमध्ये ठेवून उपयोग नाही, हे त्यांना सुचले. आणि ती शंका आम्हाला रात्री छळेल, हेही सुचले. त्या रात्री पत्नीने सुई टोचून घेताना माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिले नाही. गेल्या वर्षभरात, दर नव्या पेनाच्या वेळी, ती तसे पाहत आली आहे.

पूर्वी शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून बाहेर पडण्याची आणि आपल्यामागे आलेला गॅसचा सिलिंडर त्याने पैसे भरून घेण्याची पद्धत होती. तिला कोणी सेवा म्हणत नसे. ती पद्धत आमच्या पिढीबरोबर संपली, असे मी कट्ट्यावर अनेकदा बोललो आहे. ते मी मागे घेतो. आपल्या टेबलापाशी माणसांसाठी एक माठही असतो, आणि खेपेमागे मोजके पैसे मिळणारी, पार्सले आणून देणारी मुले घाईतही तिथे पाणी पिऊन जातात, हे मी गॅलरीतून पाहतो. समितीच्या अंदाजपत्रकात तो माठ कुठेही नाही.

फलक काढून टाकावा, असा अर्ज मी समितीला दिला आहे. मला एखादी पाळी द्यावी, ही विनंती आपल्याला आहे. सकाळी अकरा ते एक मी रिकामाच असतो, आणि वजन उचलता आले नाही तरी नोंद नक्की करता येईल.

ताई, आपला डबा अद्याप आमच्याकडेच आहे. रिकामा परत द्यायचा नाही असे घरात ठरले आहे, पण त्यात काय घालायचे यावर दोन दिवस एकमत झालेले नाही. रविवारपर्यंत आणून देतो.

आपला कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरचा काका