परीक्षणात पार्श्वसंगीतालाही जागा हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतली चित्रपट परीक्षणं मी नेमाने वाचतो. कथा, अभिनय, छायाचित्रण, गाणी यांवर त्यात मन लावून लिहिलेलं असतं. पार्श्वसंगीताची मात्र ‘साजेसं’ किंवा ‘कर्कश’ अशा एका शब्दावर बोळवण होते. कधी तेवढंही नसतं. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी आमच्या बेळगावपासून हाकेच्या अंतरावर आहे. इथल्या वाचकाला गाण्याबजावण्याचा कान आहे, म्हणून ही उणीव जास्त खटकते.

काय घडलं ते दृश्य दाखवतं. ते कुणाच्या बाजूने पाहायचं, हे बहुतेक वेळा संगीत ठरवतं. समजा, एक बाई संध्याकाळी घरी येते, कुलूप काढते, दार ढकलते. ती पायरी चढत असतानाच खर्जातला एक लांब स्वर सुरू झाला, तर आत काहीतरी विपरीत आहे हे आपल्याला तिच्याआधी कळतं आणि आपला जीव वरखाली होतो. तोच स्वर तिने आत पाहिल्यावर आला, तर धक्का तिला आणि आपल्याला एकदमच बसतो. आणि स्वर आलाच नाही, तर तिच्या चेहऱ्यावरून काय ते आपलं आपण ओळखायचं. अभिनय तोच, कॅमेरा तोच, पण अर्थ तीन. हा निर्णय संगीतकार आणि दिग्दर्शक विचारपूर्वक घेतात. त्यावर परीक्षणात एक ओळ नसावी?

संगीत न वापरणं हासुद्धा असाच निर्णय असतो. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली प्रभात कंपनी पुढे पुण्याला गेली आणि तिथे १९३७ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ काढला. त्यात पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीराची घुसमट आपल्यापर्यंत पोचते ती घरातल्या आवाजांतून, त्या जुन्या भिंतीवरच्या घड्याळातून. एखादी करुण सुरावट घातली असती, तर प्रेक्षक नीराची कीव करून मोकळा झाला असता. ती नसल्यामुळे नीराचा संताप संतापच राहतो, त्याचं रडगाणं होत नाही.

अलीकडचं उदाहरण ‘सैराट’चं (२०१६). त्याची गाणी लॉस एंजेलिसला सिंफनी वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रित झाली, ही बातमी सगळीकडे छापून आली. पण चित्रपटाचा घाव बसतो तो शेवटी, जिथे आवाज काढून घेतला आहे. रडणारं मूल दिसतं, रडणं ऐकू येत नाही. आधी संगीत इतकं भरभरून ऐकवलं म्हणूनच ही शांतता सोसवत नाही. वाद्यवृंदाची बातमी झाली, तशी या शांततेचीही व्हायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

सीमाभागात आम्ही मराठी, हिंदी, कन्नड असे तिन्ही चित्रपट पाहतो. घरातल्या जुन्या माणसांना कन्नड संवाद सगळेच कळतात असं नाही, पण प्रसंगाचा रोख कळतो, कारण संगीत त्यांना हाताला धरून नेत असतं. ज्याच्या हातात एवढी ताकद आहे, त्याची जबाबदारीही तेवढीच मोठी. माझी खरी तक्रार इथे आहे.

चौंडकं घ्या. यल्लम्मा देवीच्या सौंदत्तीच्या वाटेवर माघ पौर्णिमेच्या सुमारास कुठेही उभे राहा, ते कानावर पडतं. काखेत धरलेलं लाकडी नळकांडं, एका तोंडाला कातडं आणि कातड्यातून ओवलेली तार. तार ताणली की आवाज घुमत वर चढतो, सैल सोडली की खाली येतो. ‘जग’ म्हणजे देवीचा मुखवटा असलेली टोपली डोक्यावर घेतलेली बाई त्या ठेक्यावर पावलं टाकते, मागून ‘उदो’चा गजर होतो. त्या आवाजात भक्ती असते, प्रवासाचा शीण असतो, आणि देवीला सोडलेल्या बायकांच्या आयुष्याची वेदनाही असते. पडद्यावर मात्र हाच आवाज बहुधा येतो तो भीती दाखवायला. काळोख, कपाळभर भंडारा, विस्फारलेले डोळे आणि चौंडकं. हलगीचंही तेच. मिरवणुकीत, कुस्तीच्या फडात जी अंगात बळ आणते, ती चित्रपटात गुंड आले की वाजते. ही वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या समाजांनी सांभाळली, हे आपण जाणतो. त्यांचा आवाज पुन्हा पुन्हा धोक्याशी जोडला, की त्या माणसांकडे पाहण्याची नजरही तशीच तयार होते. शहरात वाढलेल्या मुलाने चौंडकं पहिल्यांदा भुताच्या चित्रपटात ऐकलं असेल, तर सौंदत्तीच्या जोगतिणीकडे तो कोणत्या नजरेने पाहील? ‘जोगवा’ने त्यांचं जगणं पडद्यावर आणलं, अजय-अतुल यांना त्याच्या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाला हा आवाज मानाने वापरता येतो, म्हणूनच बाकीच्यांचा आळस सहन होत नाही.

आपल्याला विनंती एवढीच. हल्ली पुष्कळ चित्रपटांत गाणी एकाची आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याचं असतं, आणि परीक्षणात नाव येतं ते गाणी करणाऱ्याचं. राष्ट्रीय पुरस्कारांत २००९ च्या चित्रपटांपासून पार्श्वसंगीताला स्वतंत्र पुरस्कार आहे. त्या वर्षीचा इळैयराजा यांना मिळाला. आपल्या परीक्षणातही ते नाव स्वतंत्र छापावं आणि संगीताने कुठे काय साधलं किंवा कुठे बिघडवलं, ते एखाद्या प्रसंगाच्या आधारे सांगावं. शिवाय माघी यात्रेच्या आधी चौंडकं वाजवणाऱ्यांना भेटून, त्यांच्या वाद्याचा चित्रपटांतला वापर त्यांना कसा वाटतो हे विचारून पुरवणीत एक लेख द्यावा. आपल्या बातमीदारांना त्यासाठी लांब जावं लागणार नाही.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव