चानकी, मसूर आणि संध्याकाळचे साडेसात

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्री दहा

प्रिय सुमे,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. तेव्हाच उत्तर लिहायला बसणार होते, पण आठवडा कसा जातो ते तुला सांगायला नको. आज पोरं झोपली, ह्यांची उद्यमबागेत रात्रपाळी आहे, म्हणून निवांत बसलेय.

तू लिहिलंस, "रोज तीन स्वयंपाक करते, तरी लेकरू अर्धपोटीच झोपतं." हे वाक्य वाचून माझ्या पोटात कालवलं. भावजींसाठी भाकरी आणि झणझणीत भाजी, मामंजींसाठी मऊ खिचडी, पोरासाठी नूडल्स. बँकेतून साडेसहाला येऊन तीन पातेली चढवायची म्हणजे जीव जातो गं. मीही दोन वर्षं हेच केलं. तुला कधी बोलले नाही, कारण मला त्याची लाज वाटायची. आज सगळं सांगते.

धाकटा तेव्हा तीन वर्षांचा होता. वरण-भात आणि बटाटा सोडून कशाला तोंड लावायचा नाही. एका रात्री मी हट्टाला पेटले. घेवड्याची भाजी होती. एक घास, दुसरा घास, नाक दाबून तिसरा, आणि त्यानं ताटातच सगळं उलटून टाकलं. त्यानंतर कित्येक दिवस ताटात हिरवं दिसलं की तो रडायचा. ती भीती त्याच्या मनात मी घातली होती, सुमे. शेजारच्या अक्कांना भिंतीपलीकडून सगळं ऐकू जात असणार. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, त्याला मांडीवर घेतलं आणि मला कानडीत म्हणाल्या, "बिड्री, हसिवाद्र तिंतान." राहू द्या हो, भूक लागली की खाईल. तीनच शब्द, पण माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं.

पुढे मी थोडं वाचलं. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी जेवणाच्या जबाबदारीची एक वाटणी सांगितली आहे. काय रांधायचं, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं किती खायचं, खायचं की नाही, हे मुलानं. आपल्या आज्या न सांगता हेच करायच्या, नव्हं काय? पंगतीत कुणी घास मोजत नव्हतं.

तर माझं पहिलं सांगणं: स्वयंपाक एकच कर. मात्र त्या एका स्वयंपाकात एक तरी पदार्थ असा ठेव, जो पोर नक्की खातं. तुझ्या पोराचा दहीभात ना? मग वाटीभर दहीभात रोज ताटात असू दे आणि शेजारी घरात जे केलंय त्याचा चमचाभर. "खा" म्हणायचं नाही, "चाखून तरी बघ" म्हणायचं नाही, खाल्लं तर टाळ्याही वाजवायच्या नाहीत. सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि शाळेचं, बाजाराचं, पावसाचं बोलायचं. दोन ते सहा वर्षांच्या मुलांना नवीन चवीची भीती वाटणं हे वयाचंच असतं. एखादा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर कुठे ती भीती मोडते, आणि आपण तिसऱ्या वेळेलाच "ह्याला आवडत नाही" म्हणून शिक्का मारतो. माझ्याकडे घेवडा परत आला तो असाच. आधी त्यानं नुसता बाजूला सारला. मग वास घेतला. मग एकदा दाणा सोलून ताटाच्या कडेला मांडला. कितव्या दिवशी ते आठवत नाही, पण मी भाकरी थापत होते आणि मागून आवाज आला, "आई, अजून वाढ." मी मागे वळले नाही. डोळे पुसून मग वाढलं.

दुसरी गोष्ट भुकेची. तुझं पोर पाच वाजता दूध-बिस्किटं खातं, सहाला परत बिस्किटं, आणि साडेसातला ताटावर बसतं. भूक राहील कुठून? शाळेतून आल्या आल्या पोटभर दे, केळं दे, शेंगांचं कूट आणि गूळ लावून चपाती दे. त्यानंतर जेवणापर्यंत फक्त पाणी. दूध हवं तर जेवणानंतर. पहिले चार दिवस रडेल. सासूबाईंचा जीव तुटेल, त्यांना आधी विश्वासात घे. माझ्याकडे हे न केल्यानं दोनदा सगळं मोडलं होतं.

आता तिखटाचं बोलते, कारण तीन स्वयंपाकांचं खरं मूळ तिथेच आहे. आपल्याकडे मोठ्यांना तिखटाशिवाय घास उतरत नाही आणि पोरांना तेच सोसत नाही. मी आता सगळ्या आमट्या-भाज्यांत फक्त ब्याडगी मिरची घालते. रंग लालभडक येतो, जाळ नाही. संकेश्वरी मिरचीचा ठेचा वेगळ्या वाटीत. ज्याला हवा त्यानं घ्यावा. एका पातेल्यात दोन चवी बसल्या की दुसरं पातेलं चढवावंच लागत नाही.

आठवड्याच्या रात्रींसाठी माझा सगळ्यात मोठा आधार म्हणजे मसूर. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या काळ्या शिवारात भात निघालं की मसूर पेरतात, ते आपलं बारीक, चवदार मसूर. सकाळी डबे भरताना एक भांडं पाण्यात भिजत टाकायचं. संध्याकाळी आल्यावर चप्पल काढायच्या आधी कुकर लावायचा म्हटलं तरी चालेल. खाली मसूर, कांदा, टोमॅटो, हळद. वरच्या डब्यात भात. भाताच्या डब्यावर झाकणीत दोन सोललेले बटाटे. तीन शिट्ट्या. तेवढ्यात हातपाय धुऊन होतात, पोरांच्या वह्या बघून होतात. वाफ गेली की लसूण, जिरं, ब्याडगीची फोडणी आणि चमचाभर सुक्या खोबऱ्याचं वाटण. भिजवायला विसरलीस तर दोन शिट्ट्या जास्त, बाकी काही बिघडत नाही. मामंजींना तीच आमटी भातात कालवून मऊ करून दे, त्यांची वेगळी खिचडी लागणार नाही. पोराला भात, बटाटा आणि आमटीचं नुसतं वरचं पाणी. तेवढ्यापासून सुरुवात पुरे आहे. वरून लिंबू मात्र पिळ. मसुरातलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. जेवणाबरोबर चहा असेल तर तो बंद कर, त्यानं उलट होतं.

भाकरीचं काय करायचं, असंही विचारलंयस. तुला आठवतं का, खानापूरला आमच्या आजीकडे आलो की ती पिठाच्या शेवटच्या गोळ्याची चानकी थापायची? तळहाताएवढी, टम्म फुगलेली, वर लोण्याचा गोळा. मोठी भाकरी आपण टाकायचो, चानकी मात्र भांडून खायचो. तीच युक्ती मी काढली. नाचण्याची चानकी, ताटात फक्त पोरांसाठी. थोरली आता नऊ वर्षांची आहे, ती स्वतः थापते, कडा फाटतात, फाटू देत. शंभर ग्रॅम नाचण्यात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दूध न पिणाऱ्या मुलांच्या आईनं हे लक्षात ठेवावं. आणि ज्या दिवशी अगदी जीव नसेल त्या दिवशी कडक भाकरी. जोंधळ्याची, पापडासारखी पातळ. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी विकतात, डब्यात बरेच दिवस टिकते. मोडून वर दही आणि शेंगाचटणी. चूल पेटवायचीच नाही. मऊ घास नको म्हणणारी मुलं कुरकुरीत म्हटलं की हात पुढे करतात, हे मी दोन्ही पोरांत पाहिलंय.

रविवारी मी एक तास घालते, फक्त एक. आंबोळीचं पीठ दळते, तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद आणि चमचाभर मेथी. आपल्याकडच्या पावसात आणि डिसेंबरच्या गारठ्यात पीठ लवकर येत नाही, म्हणून भांडं जाड टॉवेलात गुंडाळून गॅसशेजारी ठेवते. आंबलं की फ्रीजमध्ये. सोमवारी आंबोळ्या आणि बटाट्याची भाजी, बुधवारी त्याच पिठात किसलेलं गाजर, कांदा, कोथिंबीर घालून आप्पे. आप्पे पोरांनीच टोचून उलटायचे, मी जवळ उभी राहते. स्वतःच्या हातचं असलं की गाजर दिसत नाही त्यांना. पीठ गुरुवारच्या पुढे नेत नाही, फार आंबट होतं. त्याच तासात उप्पीटाचा रवा भाजून डब्यात भरते आणि लसूण सोलून ठेवते. बाकी शनिवारच्या बाजारातलं चिरमुऱ्याचं पोतं असतंच. चिरमुरे भिजवून, पिळून, फोडणीत परतून, डाळ्याचं कूट भुरभुरवलं की सुशीला तयार. अंडी उकडायला तर काही लागतच नाही.

नूडल्स एकदम बंद करू नकोस. शुक्रवारी रात्री कर, सगळ्यांसाठी कर, त्यात अंडं आणि वाटाणे घाल. चोरून दिलेली गोष्ट जास्त हवीशी वाटते, पंगतीत वाढलेली नाही.

एक मात्र बघ. वजन वाढायचं थांबलं असेल, घास गिळताना ठसका लागत असेल, किंवा खाण्याचे पदार्थ दिवसेंदिवस कमीच होत जात असतील, तर माझ्या पत्रावर थांबू नकोस. बालरोगतज्ज्ञांना दाखव. मला एका दवाखान्यात तपासण्याआधीच भुकेचं टॉनिक लिहून दिलं होतं, तसं झालं तर दुसरीकडे जा.

आणि सुमे, भावजींना ताटं मांडायला सांग. पाणी भरायला सांग. आमच्याकडे दिवसपाळी असली की कुकर हेच लावतात, मसूर किती आणि पाणी किती हे भिंतीवर कागदावर लिहून चिकटवलंय. पहिल्यांदा आमटी पातळ झाली, तरी सगळ्यांनी ओरपली.

शनिवारी निपाणीच्या गाडीनं भाऊ येतोय. त्याच्याबरोबर दोन किलो मसूर, थोडा आपला बासमती आणि पंधरा कडक भाकऱ्या पाठवते. भाकऱ्यांवर काही ठेवू नको म्हणून त्याला सांग, तो विसरतो. सोमवारी सकाळी मसूर भिजत घाल आणि रात्री पोरानं काय खाल्लं ते मला कळव. काहीच खाल्लं नाही तरी कळव.

तुझीच,
मंगल