न आलेल्या बायांची मतं बाटलीच्या खात्यात का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. एका गावात दारू दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान झालं, पुरेशी मतं पडली नाहीत, दुकान चालूच राहणार. मथळ्यात 'महिलांचा निरुत्साह' असे शब्द होते. त्या दोन शब्दांपायी हे पत्र लिहायला बसले. ते गाव माझं नव्हे. पण तीन वर्षांपूर्वी आमच्या गावातही असंच मतदान झालं, असाच निकाल लागला आणि आमच्याबद्दलही जवळपास हेच छापून आलं. निरुत्साह कसा असतो ते मला माहीत आहे. त्या दिवशी आमच्या गावात तो नव्हता.

मी सातारा जिल्ह्यातली. एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. त्यातली नऊ वर्षं मतदार यादीचं, म्हणजे बीएलओचं कामही माझ्याकडे होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचा सगळा हिशेब यादीचाच आहे. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. दुकान अजून उघडं आहे आणि बायकांना तिथंच राहायचं आहे.

दुकान आलं २०१७ साली. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतची दारू दुकानं हटवायला सांगितलं होतं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे माणसं मरतात, ती मरू नयेत म्हणून. निर्णय चांगलाच होता. पण हायवेवरून उठलेलं एक देशी दारूचं दुकान आमच्याकडे शाळेच्या रस्त्याला येऊन बसलं. ठराव कधी झाला, सह्या कुणी केल्या, बायकांना काही कळलं नाही. त्या वेळी सरपंच बाईच होत्या, पण कारभार घरातली माणसं पाहायची.

पूर्वी पिणारा माणूस चार किलोमीटर चालून जायचा. गेला तर गेला, नाही तर कंटाळून घरी यायचा. आता दुकान पायाखालीच आलं. मजुरीचे पैसे घरात येण्याआधी तिथं थांबायला लागले. आमच्या बचत गटात दोन बायकांचे हप्ते कधी चुकले नव्हते, ते चुकायला लागले. त्यांना विचारायचीही गरज पडली नाही. आणि अंगणवाडीत चार वर्षांचं एक पोरगं भातुकली खेळताना पाण्याची बाटली तोंडाला लावून झुलत चालायचं आणि बाकीची पोरं टाळ्या वाजवायची. मी ते पाहिलं त्या दिवशी खिचडी वाढताना माझा हात थरथरत होता. पुढं निवृत्त झाले, मानधनाचं आणि नियमांचं बंधन सुटलं, तेव्हा पहिलं काम हेच करायचं असं मी तेव्हाच ठरवून ठेवलं होतं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. राज्य सरकारच्या २००८ सालच्या आदेशाने गावाला हा हक्क दिला आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं की उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळतं आणि मग गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी म्हणजे दुकान बंद. आमच्याच जिल्ह्यात जावळी तालुक्यात मेढ्याच्या बायांनी मतपेटीतून दुकान बंद करून दाखवलं. पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या बायांनी करून दाखवलं. त्यांची नावं ऐकूनच आम्ही उठलो होतो.

आमच्या यादीत १,४१२ महिला मतदार. म्हणजे ३५३ सह्या पुरेशा होत्या. आम्ही साडेचारशेच्या वर गोळा केल्या, कारण काही गळणार हे मला ठाऊक होतं. आणि गळल्या. पडताळणीचा दिवस आला तो सोयाबीनच्या भांगलणीत. प्रत्येक बाईने स्वतः यायचं, ओळखपत्र दाखवायचं, साहेबांसमोर पुन्हा सही करायची. म्हणजे रोजाचा खाडा. सत्तरीच्या एक आजी साक्षरता वर्गात माझ्याकडेच सही शिकल्या होत्या. निवेदनावर त्यांनी घरात बसून निवांत सही केली होती. साहेबांसमोर हात कापला, शेवटचं अक्षर वेगळं आलं, सही जुळत नाही म्हणून बाद. त्या मला म्हणाल्या, "बाई, अंगठाच द्यायला पायजे हुता का गं मी?" मला उत्तर सुचलं नाही. तरीही ३९१ सह्या टिकल्या आणि मतदान लागलं.

मतदानाआधीचे पंधरा दिवस मी जन्मात विसरणार नाही. आम्ही अकराजणी होतो. रोज संध्याकाळी भाकरी झाल्यावर एकेक आळी घ्यायची. वयस्कर बायकांना मतपत्रिकेचं चित्र कळेना, तेव्हा प्रत्येक घरात तेलाची रिकामी बाटली मागून घ्यायची, जमिनीवर आडवी ठेवायची आणि सांगायचं, शिक्का हिच्यावर. एका घरात नवऱ्याने बायकोचं मतदान कार्ड ट्रंकेत घालून कुलूप लावलं होतं. तिची सासू, जिने त्या मुलाला जन्म दिला, तिनेच किल्ली काढून दिली. दलित वस्तीतल्या बायका आणि वरच्या आळीतल्या बायका एका सतरंजीवर बसल्या, हे मी त्या गावात लग्नातही पाहिलेलं नव्हतं. नेल्लोरजवळच्या दुबागुंट्याची गोष्ट मी त्यांना सांगायचे. तिथल्या बायकाही साक्षरतेच्या वर्गातूनच उठल्या, १९९२ साली गुत्ते बंद पाडले आणि पुढच्याच वर्षी आंध्र सरकारला सगळ्या राज्यात अरकाची, म्हणजे तिकडच्या देशी दारूची विक्री बंद करावी लागली. आमच्यातल्या एकीने विचारलं, त्यांना किती टक्के लागले होते? तेव्हा हसण्यावारी नेलं. नंतर तो प्रश्न फार टोचला.

आता निकाल सांगते. एकूण मतदान ७८१. आडवी बाटली ६८८. उभी बाटली ७१. बाद २२.

आलेल्या शंभर बायकांतल्या अठ्ठ्याऐंशी जणींनी दुकान नको म्हणून सांगितलं आणि आम्ही हरलो. कारण नियम म्हणतो, झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पाहिजेत. १,४१२ चे निम्मे ७०६. लागत होती ७०७. आम्ही १९ मतांनी गेलो.

मतमोजणी संपल्यावर बाहेर फटाके वाजले. ज्यांना ७१ मतं पडली त्यांनी ते वाजवले.

दुसऱ्या दिवशी मी यादी घेऊन बसले. नऊ वर्षं ती यादी मीच सांभाळली होती, एकेक घर मला पाठ आहे. मयत झालेल्या पण नाव तसंच असलेल्या ४१. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी ९६. दोनदा नाव आलेल्या १३. ही झाली दीडशे नावं. त्यातली एकही बाई मत द्यायला येणं शक्य नव्हतं आणि नियमाच्या हिशेबात ती सगळी दीडशे दुकानाच्या बाजूने उभी होती. मेलेली माणसं दारूच्या बाजूने. ज्या आजी दारुड्या मुलाच्या हातचा मार खाऊन गेल्या, त्यांचंसुद्धा नाव त्यात होतं. ही नावं वगळली असती तर यादी १,२६२ वर आली असती आणि ६३२ मतांत दुकान बंद झालं असतं. आम्हाला ६८८ पडली होती.

यात माझाही वाटा आहे आणि तो मी लपवणार नाही. नाव वगळायला नमुना ७ चा अर्ज लागतो. मी यादी घेऊन दारात गेले की आई म्हणायची, "लेकीचं नाव ऱ्हाऊ द्या बाई, तेवढंच तिचं माहेर." मला ते तोडवत नसे. अर्ज कुणी भरून द्यायचं नाही आणि मीही पाठ पुरवली नाही. गावात जन्ममृत्यूची नोंद असते, पण ती नोंद आपोआप यादीपर्यंत चालत जात नाही. तेव्हा वाटायचं, एका नावाने काय बिघडतं?

याखेरीज पोटासाठी बाहेर असलेल्या बायका वेगळ्याच. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी, म्हणून ती कोपरखैरण्यात. यादीत नाव इथं, कारण घर इथं, शेत इथं, म्हातारी सासू इथं. अशा बायका दीडशेच्या पुढं असतील. मतदान जर चैत्रात आमच्या यात्रेच्या वेळी ठेवलं असतं तर त्या गावातच असत्या. पण तारीख लागली भर पावसाळ्यात, मधल्या वारी. तरी चौदा बायका रात्रीची एसटी पकडून आल्या, मत दिलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या. स्वतःच्या खर्चाने, एका दिवसाचं काम बुडवून. याला निरुत्साह म्हणायचं?

आता मला एक सांगा. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात सुमारे ६१ टक्के मतदान झालं. आमचाच नियम तिथं लावला तर शंभर मतदारांतले जे ६१ आले, त्यातल्या ५१ जणांनी एकाच उमेदवाराला मत दिलं पाहिजे, नाही तर तो पडला. असे किती खासदार निवडून येतील? ग्रामपंचायतीत तर एका मतानेही माणूस सदस्य होतो, आणि तोच पुढं दुकानाला ना-हरकत देणारा ठराव मांडतो. त्याला कुणी विचारत नाही की यादीतले निम्मे तुझ्या पाठीशी आहेत का. ही अट फक्त दुकान बंद करू पाहणाऱ्या बाईलाच का? दुकान येताना एकाही बाईचं मत लागत नाही. जाताना मात्र मेलेल्या बाईचंही लागतं.

दारूबंदीवर लोक जे बोलतात ते मी ऐकलेलं आहे. बंदी केली की चोरून विकतात. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला सरकारने ती उठवली, हेही मला तोंडावर सांगितलं गेलं. चोरटी दारू होते हे खोटं नाही, आमच्याकडेही ती होईल. पण आम्ही जिल्हा मागितला नव्हता. शाळेच्या रस्त्यावरचं एक दुकान मागितलं होतं. सहावीतल्या मुलीला शाळेतून येताना त्या रांगेसमोरून जावं लागू नये एवढंच. शिवाय हा हक्क आम्ही कुठून हिसकावून आणलेला नाही, सरकारनेच तो आदेश काढून दिला आहे. दिलेला हक्क वापरायला गेलं की हाताला लागू नये, अशी त्याची मांडणी का, एवढाच माझा प्रश्न आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात मादक पेयांना आळा घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा असं लिहिलेलं आहे. आमच्या गावात तो प्रयत्न अकरा बायकांनी रात्री बॅटरी घेऊन केला.

माझं मागणं असं आहे. बहुमत मोजायचं ते झालेल्या मतदानाचं मोजा, जसं सगळीकडे मोजतात. ते करायला सरकारला वेळ लागणार असेल तर निदान अशा मतदानाआधी त्या गावाची यादी साफ करण्याची सक्ती करा. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत असतेच, तिथून नावं काढायला अवघड काय आहे? आणि तारीख ठरवताना गावाला विचारा. कुठल्या आठवड्यात बायका रानात असतात आणि कुठल्या आठवड्यात घरी, हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल.

आमच्यापुरतं आम्ही काम सुरू केलं आहे. नमुना ७ चे अर्ज घेऊन पुन्हा त्याच दारांत जाते आहे. आता बीएलओ म्हणून नाही, गावातली बाई म्हणून. परवा एका घरी गेले. लेक सासरी जाऊन नऊ वर्षं झाली. आईने अर्ज हातात घेतला, बराच वेळ नावाकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "तिकडं तिच्या गावात घातलंय का नाव?" मी म्हटलं, घातलंय, मी फोनवर विचारून आले. तेव्हा तिने अर्ज भरून दिला. असे ६३ अर्ज झाले आहेत. सह्यांचं नवं निवेदन आम्ही दिवाळीनंतर देणार आहोत.

आपल्याला एक विनंती. यापुढं अशा मतदानाची बातमी आली, कुठल्याही गावाची, तर तीन आकडे शेजारी शेजारी छापा. यादीत किती, आल्या किती आणि आडव्या बाटलीला किती. जागा जास्त लागणार नाही.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, जि. सातारा