दुकान बंद ठेवतो साहेब, पण दोन दिवस आधी सांगा

माननीय मंत्री महोदय,
मदत व पुनर्वसन आणि आपत्ती व्यवस्थापन,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

जुलै 2021

सप्रेम नमस्कार.

नांदेड जिल्ह्यात, तेलंगणाच्या सीमेलगतच्या एका तालुक्याच्या गावी माझं किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो. गावातली गिऱ्हाइकं आहेतच, पण धंद्याचा मोठा भाग आजूबाजूच्या खेड्यांवर आणि उधारीच्या वहीवर चालतो. त्यामुळे कोणाच्या घरात काय संपलंय, कोणाची मजुरी थांबलीय, कोणाचं सोयाबीन विकलं गेलंय, हे मला न विचारता कळतं.

कोरोनाचे निर्बंध उठवा असं म्हणायला मी हे पत्र लिहीत नाही. एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतल्या ज्या घरांतली माणसं गेली, त्यांच्या दहाव्या-तेराव्याचा किराणा माझ्याच दुकानातून गेला. पिशवी दारात ठेवून परत फिरलो, आत जाऊन दोन शब्द बोलायचीही सोय नव्हती. रोग काय आहे हे मला कोणी समजावून सांगायला नको. बंद ठेवायचं असेल तर बंद ठेवू. माझं मागणं एकच आहे: काय करणार ते आधी सांगा, आणि सांगितलेलं पाळा.

गेल्या दीड वर्षात मी एक गोष्ट गल्ल्यावर बसून पुन्हापुन्हा पाहिली. टंचाई गोदामात तयार होते त्यापेक्षा जास्त बातमीत तयार होते. यंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या जिल्ह्यात लॉकडाऊन लागला तेव्हाची संध्याकाळ सांगतो. मोबाईलवर आदेशाचा फोटो फिरायला लागला आणि अर्ध्या तासात दुकानापुढे पाय ठेवायला जागा उरली नाही. ज्याला महिन्याला पाच किलो साखर लागते तो कट्टा मागत होता. मास्तर, नोकरदार, बागायतदार, ज्यांच्या खिशात त्या घडीला पैसा होता त्यांनी तेलाचे पंधरा किलोचे डबे उचलले. मी किती जणांना नाही म्हणणार? वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं. रात्री शटर ओढायच्या बेताला खाली वस्तीवरची एक बाई आली. दिवसभर हळदीच्या कामावर होती, मजुरी घेऊन थेट दुकानावर. तिच्या हातात सरबताची रिकामी बाटली होती, सुटं तेल न्यायला. ‘पाव किलो द्या मामा,’ म्हणाली. सुट्या तेलाचा डबा तळापर्यंत रिकामा होता. मी पाऊच काढून दिला, पण अख्ख्या पाऊचचे पैसे तिच्याकडे नव्हते. ते वहीत लिहिले.

मंत्री महोदय, त्या दिवशी नांदेडच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, तेल होतं, साखर होती, डाळ होती. माझ्याच दुकानात नव्हतं, कारण चार दिवसांचा माल दोन तासांत गेला. दोन दिवस आधी कळलं असतं तर मी गाडी भरून आणली असती. एका घराला एक डबा अशी मर्यादा घातली असती. त्या बाईला मजुरीच्या हिशेबानं दोन खेपा करता आल्या असत्या. आदेश ऐनवेळी निघाला की त्याचा पहिला मार हातावर पोट असणाऱ्याला बसतो, कारण साठा करायला जवळ आदल्या दिवशीची मजुरी लागते.

20 एप्रिलपासून किराण्याला सकाळी 7 ते 11 अशी वेळ ठरली. गर्दी टाळायला वेळ कमी केली, हे कागदावर बरोबर दिसतं. आमच्याकडे उलट झालं. एसटी बंद, आठवडी बाजार बंद. खेड्यातला माणूस कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून येतो, दहा-साडेदहाला पोचतो. मग सगळी खेडी एकाच अर्ध्या तासात माझ्या काउंटरला चिकटतात आणि अकराला पथक येऊन उभं राहतं. जे गिऱ्हाईक दिवसभरात विखुरलं असतं ते आपण चार तासांत कोंबलं. घरपोच सेवा रात्री आठपर्यंत चालू होती हे खरं, पण वीस किलोमीटरवरच्या तांड्यावर घरपोच कोण जाणार? पुढे 12 मेपासून तेलंगणात सकाळी 6 ते 10 अशी सूट सुरू झाली. आमचा काही माल निजामाबाद, हैदराबादकडून येतो. तिकडचा व्यापारी दहाला बंद, आम्ही अकराला बंद, गाडी दुपारी पोचणार. हमाल कुठून आणायचे आणि माल कोणासमोर उतरवायचा? दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांनी सीमेलगतच्या तालुक्यांपुरता एक फोन केला असता तरी चाललं असतं.

भाववाढीचं खापर सगळं शासनावर फोडणं बरोबर नाही. तेल आपल्या देशात निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफूल युक्रेनकडून. वर्षभरापूर्वी शंभराच्या आत मिळणारा सोयाबीन तेलाचा पाऊच दीडशेच्या पुढे गेला, त्याची कारणं तिकडेही आहेत. पण आमच्या भागातल्या माणसाला हे दुप्पट बोचतं. त्यानं गेल्या दिवाळीच्या तोंडावर मोंढ्यात सोयाबीन चार हजारांच्या आसपास क्विंटलनं घातलं. पुन्हा बंद होईल, मोंढा चालू राहील की नाही, या भीतीनं मिळेल त्या भावात मोकळा झाला. मे महिन्यात तेच सोयाबीन सात हजारांवर होतं. आता तोच माणूस माझ्याकडे त्याच सोयाबीनचं तेल उधारीवर नेतो. काही व्यापाऱ्यांनी या काळात हात मारला, तेही मी लपवत नाही. तंबाखूची पुडी कितीला विकली गेली हे गावातलं लेकरूही सांगेल. ज्यांनी असं केलं त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण उद्या काय होणार हे कोणालाच ठाऊक नसतं तेव्हा साठेबाजाला बरकत येते.

माझ्या एका शेतकरी गिऱ्हाइकानं यंदा रमजान धरून टरबूज केलं होतं. रोजे 14 एप्रिलला सुरू झाले, माल तोडणीला आला. व्यापाऱ्यानं सौदा करून ठेवला होता, आदेशाची बातमी आली तसा फोन उचलायचा थांबला. हा माणूस ट्रॅक्टरमध्ये टरबूज भरून खेडोपाडी फिरला, उरलेलं जनावरांपुढे टाकलं. मल्चिंगचा आणि रोपांचा खर्च अजून त्याच्या अंगावर आहे. त्याला दोन आठवड्यांचा अंदाज मिळाला असता तर त्यानं तोडणी पुढे-मागे केली असती, निदान गाडी तरी ठरवली असती.

लसीचीही तीच गत झाली. 1 मेला 18 ते 44 वयाच्या लोकांना सुरुवात झाली, पंधरवड्याच्या आत थांबली. शेजारच्या काकू दुसऱ्या डोससाठी पहाटे रांगेत उभ्या राहिल्या, नऊ वाजता कळलं की आज लस आलीच नाही. पुन्हा गेल्या तोवर कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं होतं. लस कमी आहे हे त्यांना मान्य आहे. पण उद्या किती डोस येणार हे आदल्या संध्याकाळी दारावर लिहून लावलं असतं, तर सत्तरीच्या बाईला पायरीवर बसून राहावं लागलं नसतं.

आता थेट आपल्याशी संबंधित गोष्ट, आणि ती मनापासून सांगतो. 3 जूनला आपण पत्रकार परिषदेत 18 जिल्हे खुले होत असल्याचं सांगितलं. त्यात नांदेड होतं, लातूर, जालना, परभणी, औरंगाबादही होतं. आमच्या ओळीतल्या कापड दुकानदारानं त्याच दुपारी नोकरांना बोलावलं, दोन महिन्यांची धूळ झाडली. संध्याकाळी शासनाकडून खुलासा आला की अजून निर्णय झालेला नाही. नोकरांना पुन्हा घरी पाठवताना त्याचा चेहरा मी पाहिला आहे. मार्चमध्ये औरंगाबादकरांनी असंच अनुभवलं होतं, तिथं जाहीर झालेला लॉकडाऊन लागायच्या आधीच मागे घेतला गेला. निर्णय बदलू शकतात. पण असे दोन-तीन अनुभव आले की लोक खऱ्या आदेशावरही विश्वास ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी, 4 जूनच्या रात्री, जो आदेश निघाला तो मात्र मला या दीड वर्षातला सगळ्यात शहाणा आदेश वाटला. पाच स्तर. दोन आकडे: पॉझिटिव्हिटी दर (शंभर चाचण्यांत किती बाधित निघाले) आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा. दर गुरुवारी आकडे, सोमवारपासून अंमल. पहिल्यांदाच गिऱ्हाइकानं ‘उद्या उघडं आहे का’ विचारलं की माझ्याकडे उत्तर होतं. गुरुवारी आकडा पाहायचा, शुक्रवारी मोंढ्याला ऑर्डर द्यायची. गावातले लोक पॉझिटिव्हिटी दरावर बोलायला लागले, लग्नातल्या गर्दीबद्दल एकमेकांना टोकायला लागले, कारण आकडा वर गेला तर काय होणार हे कळत होतं.

मराठवाड्यातल्या माणसाला अनिश्चिततेची भीती घालू नये, तो जन्मभर पावसाच्या भरवशावर जगतो. पण त्याला आकडा लागतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. घरचं सोयाबीन बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले तर पेरा, असंही सांगतो. गेल्या वर्षी विकतचं बियाणं उगवलं नाही म्हणून कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली, तेव्हापासून आमच्याकडे घरोघर ही चाचणी होते. आभाळाचं काय होणार हे कृषी सहायकालाही माहीत नसतं. तरी शेतकरी त्याचं ऐकतो, कारण काय पाहायचं आणि मग काय करायचं हे दोन्ही तो सांगतो.

25 जूनच्या आदेशानं गुरुवारच्या आकड्याची ही पद्धत मोडली. डेल्टा प्लस या कोरोनाच्या नव्या प्रकाराचं कारण मला समजतं. पण आता आकडा कितीही चांगला आला तरी सगळे जिल्हे किमान तिसऱ्या स्तरात, दुकान चारला बंद, आणि हे कधीपर्यंत त्याचा पत्ता नाही. बाहेर पडायला कोणता आकडा गाठायचा हे त्यात असायला हवं होतं. आता लोकांनी गुरुवारचा आकडा पाहणं सोडून दिलंय, आणि दोन महिन्यांनी पुन्हा गरज पडेल तेव्हा ते पाहणार नाहीत याची मला खरी काळजी आहे.

म्हणून विनंती करतो. गुरुवारचा आकडा आणि सोमवारचा अंमल परत आणा. कोणता आकडा आला की कोणती सूट, हे एका पानावर साध्या मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि रेशन दुकानाच्या फळ्यावर लावा. बंद करायचं असेल तर किमान दोन दिवस आधी सांगा, आणि ते दोन दिवस किराणा सकाळपासून रात्रीपर्यंत उघडा राहू द्या. रेशनचं मोफत धान्य केंद्राचं किती, राज्याचं किती, कोणत्या तारखेला येणार, तेही त्याच फळ्यावर असू द्या. यंदा एप्रिल महिन्यात दोन्हींच्या घोषणा एकापाठोपाठ आल्या आणि माणसं रेशन दुकानदाराशी भांडत बसली. लसीचा आकडा आदल्या संध्याकाळी. यातल्या कशालाच मोठा निधी लागत नाही, तहसीलदार आणि ग्रामसेवक एवढे दोघे पुरतात.

9 ऑगस्टला श्रावण लागतो. उपवासाचा माल, साबुदाणा, भगर, शेंगदाणे, मला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात भरावा लागतो. पुढे पोळा आहे, महालक्ष्म्या आहेत. मी मागतोय तो आदेश 25 जुलैच्या आत निघाला, तर किती माल आणायचा हे मी ठरवू शकेन आणि सुट्या तेलाचा डबाही शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत पुरवू शकेन.

आपला,
एक किराणा दुकानदार
जिल्हा नांदेड