रिपोर्ट नॉर्मल आले, पुढे काय?

संपादक महोदय,

सतत चक्कर येते, पण कारण सापडत नाही, अशा रुग्णांपैकी मी एक आहे. रक्त तपासून झालं, ईसीजी झाला, मेंदूचा एमआरआयही झाला. सगळं नॉर्मल. त्यानंतर डॉक्टरांचा सूर बदलतो आणि घरच्यांचाही. ‘काही नाहीये तुला, टेन्शन घेणं बंद कर,’ हे प्रेमानेच सांगितलं जातं, पण ते ऐकल्यावर पुढचं काही बोलायची सोयच उरत नाही.

हा त्रास बाहेरून दिसत नाही. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की अंग एका बाजूला झुकायला लागतं, म्हणून एका हाताने नळ धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने तोंड धुवायचं. रस्ता ओलांडताना मान झटकन वळवता येत नाही. मोबाइलवर कोणी भराभर फोटो सरकवून दाखवू लागलं तरी मळमळतं. जोडीला कधी कानात दडे बसतात, कधी हातापायांना मुंग्या येतात, कधी उगाच धडधडतं. आणि थकवा तर असा, की सकाळी उठल्या उठल्या दिवस संपल्यासारखा वाटतो. चारचौघांत मात्र माणूस धडधाकट दिसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की रिपोर्ट नॉर्मल येणं म्हणजे तपासणी संपणं नव्हे. चक्कर येण्याची कित्येक कारणं एमआरआयमध्ये दिसतच नाहीत. अंतर्कर्णातले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेले, तर कुशीवर वळताना किंवा वर पाहताना जग गरगर फिरतं आणि बहुतेक वेळा मिनिटभराच्या आत थांबतं. हे ओळखायला यंत्र लागत नाही. रुग्णाला विशिष्ट पद्धतीने पटकन आडवं करून त्याच्या डोळ्यांची हालचाल पाहायची, ही डिक्स-हॉलपाइक चाचणी 1952 पासून माहीत आहे. कण पुन्हा जागेवर आणायची एप्ली पद्धतही त्याच तपासणीच्या टेबलावर काही मिनिटांत करता येते.

रक्तदाबाचंही तसंच. तो बहुतेकदा बसवून, एकदाच मोजतात. आडवं असताना मोजून, उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजला आणि वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी का येते ते कळतं. काहींचा दाब उतरत नाही, पण उभं राहिल्यावर दहा मिनिटांत नाडीचे ठोके मिनिटाला 30 किंवा त्याहून जास्त वाढतात आणि तसेच राहतात. हा त्रास महिनोन् महिने होत असेल, तर डॉक्टर पॉट्स या विकाराचा विचार करतात. खुर्चीत बसलेल्या रुग्णात हे सापडणार कसं?

2017 मध्ये बारानी सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने पीपीपीडी या विकाराचे निकष ठरवले. तीन महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवशी अस्थिर वाटणं, उभं राहिल्यावर, हालचालीने आणि गर्दीच्या दृश्यांनी ते वाढणं, ही त्याची लक्षणं. यात स्कॅन नॉर्मल येऊ शकतो, तरीही हे सोंग नसतं. तोल सांभाळण्याची मेंदूची पद्धत बिघडलेली असते आणि त्यावर तोलाचे व्यायाम, औषधं, मानसोपचार यांचा उपयोग होऊ शकतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला माझी अजिबात ना नाही. काळजीने चक्कर वाढते, चक्करेने काळजी वाढते, हे मी अनुभवते. पण त्यांच्याकडे पाठवणं म्हणजे रुग्णाला वाटेला लावणं होऊ नये.

गोळ्यांबद्दलही बोललं पाहिजे. चक्कर दाबणाऱ्या काही गोळ्या तीव्र झटक्यात थोडे दिवस घ्यायच्या असतात. त्या दीर्घकाळ घेत राहिल्या तर मेंदूला नव्याने तोल साधायला अडथळा येऊ शकतो. अनेकांच्या चिठ्ठीवर मात्र त्या वर्षानुवर्षे तशाच पुढे चालू राहतात. त्या मनाने बंद करू नयेत, पण डॉक्टरांना विचारावं जरूर. आणि अचानक चक्कर येऊन बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, एका बाजूची शक्ती गेली किंवा उभंच राहता येईना, तर घरी वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावं. तो पक्षाघात असू शकतो.

डॉक्टरांना एक विनंती आहे. केसपेपरवर नुसतं ‘ताणामुळे’ लिहून थांबू नका. काय तपासलं, कोणती शक्यता बाद झाली, कोणती अजून शिल्लक आहे आणि पुन्हा कधी यायचं, हे चार ओळींत लिहून द्या. ‘कारण अजून कळलेलं नाही’ असं लिहिलंत तरी चालेल. पुढचा डॉक्टर आमचं बोलणं पुरतं ऐकण्याआधी तोच कागद वाचतो. त्यावर ‘ताण’ दिसला की पेन खाली ठेवतो, ‘कारण अजून कळलेलं नाही’ दिसलं तर निदान पुढचा प्रश्न विचारतो.

– एक वाचक