सांता फे ई-बाइक फेरी : शनिवार, सकाळी ९

सभासदहो, येत्या शनिवारी पावणेनऊपर्यंत सांता फेच्या प्लाझा चौकात जमायचे आहे. गाइड ठीक ९ ला निघतील, कुणासाठी थांबणार नाहीत.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातले, १६१० साली वसलेले हे मातीच्या भिंतींचे गाव. गव्हर्नर्स पॅलेसच्या ओसरीत मूळ रहिवासी कारागीर कापड अंथरून चांदी-पिरोज्याचे दागिने मांडून बसतात. तिथे निवांत थांबू. फोटो मात्र विचारूनच काढा. पुढे लोरेटो चॅपलचा ३३ पायऱ्यांचा, मधल्या खांबाशिवाय उभा असलेला गोल जिना. मग कलादालनांचा रस्ता, कॅन्यन रोड.

– हेल्मेट सक्तीचे.
– गाव ७,००० फुटांवर आहे, धाप लागते. प्रत्येकी दोन बाटल्या पाणी आणा.
– उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा.

येणे जमणार नसेल तर गुरुवारपर्यंत कळवा, सायकल दुसऱ्याला देता येईल.